हक्काचा सोबती

"काळजी करू नका, विद्यापीठानं मला इथला माणूस दिलाय," धाकटीने वसतिगृहाच्या वायफायवरून घरी फोन करून ठणकावून सांगितलं. आईचा जीव भांड्यात पडला.

परक्या देशात शिकायला आलेल्या प्रत्येकाला मदत कक्षातून एक सोबती मिळे. कक्षाच्या बाईंनी स्वागताच्या भाषणातच बजावलं होतं की सोबती नेईल तिकडे जायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. डोकं न चालवण्यासाठी पोरांना इतक्या लांब बोलावणारं हे पहिलंच विद्यापीठ असावं!

धाकटीच्या वाट्याला आला लंबू. विजेच्या खांबासारखा उंच, आणि बोलायलाही खांबाइतकाच. शुक्रवारी पोलीस ठाण्यात नोंदणीची शेवटची मुदत होती. ती चुकली की राहण्याचा परवाना रद्द आणि रवानगी थेट घरी. फोनचं कार्डसुद्धा नोंदणीनंतरच मिळणार, त्यामुळे रस्त्यावर नकाशा बघायची सोय नव्हती. पण सोबती असताना नकाशा कशाला?

शुक्रवारी दोघं सकाळीच निघाले. चौकात लंबू डावीकडे जरा झुकला, धाकटी वळली. ती वळली म्हणून तोही वळला. पुलापाशी ती बुटाची नाडी बांधायला थांबली, तर तो अदबीने थांबला. तिला वाटलं, हा वाट दाखवतोय. दुपारपर्यंत दोघांनी गोदामं पाहिली, बंद कारखाना पाहिला, तोच पूल पुन्हा पाहिला. कुणाला तरी विचारावं असं तिच्या मनात सारखं येई. पण जो आपल्यासाठी वेळ काढून आलाय त्याच्यादेखत परक्याला रस्ता विचारायचा म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला बिनकामाचा ठरवणं. बापाचे संस्कार आडवे आले. लंबूचाही बाप तसलाच निघाला असावा.

रस्ता संपला तो कचरा डेपोच्या फाटकाशी. तेव्हा लंबू पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाला, "तुमच्या शहरातलं पोलीस ठाणं फार लांब आहे हो."

"माझ्या शहरातलं? शहर तुझं ना?"

"मी मागच्या आठवड्यात विमानातून उतरलो."

विचारत विचारत, धावत दोघं ठाण्यावर पोचले तेव्हा शिपाई नोंदणीच्या खोलीला कुलूप घालत होता. त्याने शांतपणे किल्ली खिशात टाकली.

तिथून दोघं तडक मदत कक्षात गेले. बाईंनी चहाचा घोट घेत खुलासा केला. इथल्या एकाही पोराने सोबती व्हायची तयारी दाखवली नव्हती, आणि एकही परदेशी विद्यार्थी सोबत्याविना राहता कामा नये असा वरून हुकूम होता. मग बाईंनी परदेश्यांच्याच जोड्या लावल्या. या कामगिरीबद्दल कुलगुरूंनी त्यांची पाठही थोपटली होती.

"मग आता आम्हाला मदत करा," धाकटी म्हणाली.

"केली असती गं. पण मुदत चुकली, परवाना गेला. म्हणजे तुम्ही दोघंही आता विद्यार्थी नाही. आणि हा कक्ष फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे."

बाहेर भिंतीवर मोठा फलक होता: 'इथे कुणीही एकटं नाही.' खाली फोटोत धाकटी आणि लंबू, दोघेही दात काढून हसत होते.

रात्री आईने विचारलं, "तो मुलगा आहे ना गं तुझ्यासोबत?"

"आहे ना," धाकटी बॅग भरता भरता म्हणाली. "अगदी विमानतळापर्यंत आहे."