मिशावाला चोर आणि सात कुलपं

आमच्या शेजारचे नानाभाऊ तीन सायकलींना सात कुलपं लावतात. घरातल्या कपाटाला मात्र एकच आहे, आणि तेही जरा हलवलं की उघडतं.

रोज संध्याकाळी सातला ते गॅरेजमध्ये शिरतात. आतून साखळ्यांचा असा खणखणाट येतो, की नवख्या माणसाला वाटावं, हत्ती बांधताहेत. मग शटर धाडकन खाली येतं, त्याला सातांतली शेवटची दोन कुलपं, वर बैलाची घुंगरमाळ. एवढं झालं की नानाभाऊ घराकडे तोंड करून ओरडतात, "लागलंऽऽ!" गल्लीतल्या बाया ते ऐकून दूध गॅसवर ठेवतात. हे कोणाला सांगतात, असं कोणी विचारत नाही. देवळात घंटा वाजवणाऱ्याला कोणी विचारतं का?

मंगरूळपीरच्या आमच्या गल्लीत गॅरेज असलेलं घर एवढं एकच. कार घ्यायची म्हणून बांधलं. कार आली नाही, तेव्हा सायकलींनी हातपाय पसरले. एक त्यांची काळी, उंच, कॅरिअरवाली. एक लेकीची लहानपणची लाल. लेक आता अकोल्याला असते आणि तिचीच पोरं कॉलेजात जातात. तिसरी सुशीची, मरून रंगाची लेडीज सायकल, तिच्या भावानं भाऊबीजेला दिलेली. सुशी म्हणजे नानाभाऊंची बायको आणि माझी मैत्रीण. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

काळीचं पुढचं चाक काढून पलंगाखाली ठेवलेलं असतं. लालची सीट स्वयंपाकघरात, झाऱ्याशेजारी खुंटीला. त्यामुळे नानाभाऊंना सायकलनं दूध आणायचं तर पाऊण तास जुळवाजुळव करावी लागते. डेअरी शंभर पावलांवर आहे. ते पायीच जातात.

"चोराच्या डोक्यानं इचार करा, वैनी," हे त्यांचं लाडकं वाक्य. नुसतं बोलून थांबत नाहीत. नवं कुलूप आणलं की मला चहाला बोलावतात आणि चहा संपायच्या आत म्हणतात, "हं, आता तुमी चोर व्हा." मग मी सत्तरीची बाई, गुडघ्यांची कुरकुर ऐकत खाली बसते आणि केसांतला आकडा काढून कुलपात खुपसते. एकदा एक कुलूप खरंच उघडलं. नानाभाऊ आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

एका वर्षी त्यांनी शटरवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, "आत नाग आहे." चोर घाबरेल हा हिशोब. पण तो महिना होता श्रावणाचा. नागपंचमीला सकाळीच गल्लीतल्या बाया दूध-लाह्या घेऊन गॅरेजपुढे हजर. शटरला हळदीकुंकू लागलं. नानाभाऊ बनियनवर धावत बाहेर आले.

"अवं बायांनो, नाई हाय नाग! खोटं लिवलं मी!"

"असं नोका बोलू नानाभाऊ," एक म्हातारी म्हणाली, "आत ऐकून राह्यला थो."

शेवटी बिचारे हात जोडून उभे राहिले. सगळ्यांत पुढे पूजेचं ताट घेऊन कोण होतं, ते सांगायला हवं का? आत काय आहे ते मला चांगलं माहीत होतं. पण अशी संधी रोज येत नाही.

यंदा मात्र हसण्याचं काम राहिलं नाही. नानाभाऊंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. कुलपाचं भोक सापडेना. ते बोटांनी चाचपत, किल्ल्यांना वेगवेगळे दोरे बांधत, पण अकोल्याला जायचं नाव काढत नव्हते. लेकीनं दोनदा ऑपरेशनची तारीख घेतली. दोनदा हे म्हणाले, "मी गेलो त सायकली कोन पाहीन?" डॉक्टर म्हणाले, आता उशीर केला तर नजर जाईल.

एका संध्याकाळी त्यांनी साखळीबरोबर स्वतःच्या सदऱ्याची बाहीही कुलपात घातली. किल्ली हातातून पडली, ती दिसेना. अर्धा तास सायकलीला बांधलेले उभे होते. मी जाऊन सोडवलं. सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पण घरी आल्यावर वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. कारण ही सगळी कुलपं माझ्यामुळे लागली होती, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

तेव्हा मी तिशीत होते आणि स्वतःला भारी चलाख समजत होते. नवीनच सायकल शिकले होते. मिरवायला म्हणून सुशीची सायकल घेऊन आठवडी बाजारात गेले. बांगड्या भरल्या, मेथी घेतली, नणंद भेटली. तिच्याशी बोलत बोलत पायी घरी आले. दारात सुशी उभी. "सायकल कुठं हाय वं?"

सायकल बाजारात विसरून आले, हे सांगायची मला लाज वाटली. चोरीला गेली म्हणायला मात्र काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप बाजारात गेले. पंक्चरवाल्या करीमभाईंनी सायकल दुकानात ओढून ठेवली होती. "भाभी, शाम तक बाहर खडी थी, मैंने अंदर ले ली." मी सायकल घेऊन आले, आणि आता ती परत कशी मिळाली तेही सांगणं आलं. मग काय! दर्ग्यापासून बसस्टँडपर्यंत मी चोराचा पाठलाग केला. पदर खोचून. त्याला मेथीच्या जुडीनं हाणलं. चोराला मिशाही दिल्या, कानापर्यंत. सुशीनं माझी खणानारळानं ओटी भरली. त्या नारळाच्या मी वड्या केल्या. छान झाल्या होत्या.

त्याच आठवड्यात नानाभाऊंनी पहिलं कुलूप आणलं.

तर बाही अडकली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "नानाभाऊ, चोर नोताच. ना काल, ना आज. सायकल मीच इसरली व्हती. तुमी आता डोळे करून घ्या."

नानाभाऊंनी बशीतला चहा फुंकला. "मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"करीमभाईनं त्याच हप्त्यात सांगतलं. मी पंक्चर काढाले गेलतो."

"अन हे सात कुलपं कायले लावून राह्यले मंग?"

"सुशीले झोप नोती येत, वैनी. मिशावाला पुन्हा येईन म्हने. एक कुलूप लावलं, त चार महिने चांगली झोपली. मंग पुन्हा घाबरली, मंग दुसरं आणलं."

"तिले खरं सांगाचं न!"

"सांगतलं असतं, त तिनं तुमचं तोंड पाह्यलं असतं का? अन या गावात तिले तुमच्याबिगर कोन व्हतं?" त्यांनी बशी खाली ठेवली. "त्यापरीस कुलूप बरं."

मी हात पुढे केला. म्हटलं, "द्या त्या किल्ल्या. तुमी या वापस तोवर मी लावीन." ते पाच मिनिटं जुडगा चाचपत बसले. मग माझ्या हातात दिला. वर म्हणाले, "आकडा नोका वापरू."

काल अकोल्याला त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी सातला मी गॅरेजमध्ये गेले. काळीवर धूळ, लालवर धूळ, मरून सायकल मात्र लख्ख. टायर दाबून पाहिलं, हवा टच्च. सहा वर्षांत कोणी तिच्यावर बसलेलं नाही. सातही कुलपं लावली, घुंगरमाळ बांधली आणि घरी आले, तेवढ्यात फोन वाजला.

"वैनी, लावलं का?"

"सातही लावले. माळ बांधली. तुमचा डोळा कसा हाय?"

"डोळ्याचं राहू द्या. सांगतलं का?"

"तुमालेच त सांगून राह्यली!"

"मले नाई. सैपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून सांगा लागते. सुशी तिथूनच इचारे, लागलं का म्हणून."

मी परत चपला घातल्या. त्यांच्या अंगणात जाऊन बंद खिडकीपुढे उभी राहिले. समोरच्या बाया दाराशी आल्या होत्या. दूध कधी ठेवायचं, त्यांना कळत नव्हतं.

"लागलं वं, सुशेऽऽ!" मी ओरडले.

मग खिडकीच्या जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "अन थो मिशावाला मेला वं. मीच मारला. झोप तू आता."