बोरगावचा बेडूक गेला कुठं?

"सांगतो, पण भरोसा कोणी ठेवणार नाही," असं बजावून भैय्याजींनी सौसरच्या बसस्टँडवरच्या टपरीत बैठक मारली.

भैय्याजी म्हणजे अख्ख्या सौसर तहसिलीतले एकमेव खासगी गुप्तहेर. हे त्यांनी स्वतःच इतक्या लोकांना सांगितलं होतं, की गुप्त असं काही उरलंच नव्हतं. नजर घारीची, नाक मुंगसाचं, आणि कान... एक. दुसरा कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भोंग्यानं नेला. लोधीखेड्याची हरवलेली शेळी त्यांनीच शोधली होती. ती आपल्या पायानं घरी आल्यावर, पण शोधली.

तर बोरगावच्या विजयमालेचा टीव्हीवरचा व्हिडिओ खेळ नाहीसा झाला होता. लहानपणी ती आणि तिचा भाऊ प्रकाश टीव्हीला कॅसेट लावून बेडकाला नद्या पार करायला लावत. ही पाचव्या नदीत बुडायची. प्रकाश म्हणे एकटा असताना सातवी पार करायचा. त्या गोष्टीला तीस वर्षं झाली, तरी दर भाऊबीजेला पाटावर बसून तो चारचौघांत म्हणायचा, "माही बहीण पाचवीतच नापास!"

यंदा कंपनीनं तोच जुना खेळ पुन्हा बाजारात आणला. विजयमालेनं तो कॅसेटशिवाय, थेट टीव्हीवरच विकत घेतला, रोज सराव केला. भावाचं तोंड एकदाचं बंद करायचंच! आणि भाऊबीजेच्या आदल्या सकाळी टीव्ही लावला, तर बेडूक गायब.

भैय्याजींनी भिंगातून टीव्ही पाहिला. "दाराले कडी, खिडकीले जाळी. चोर बारीक हाय."

"भैय्याजी, खेळ म्हणजे काही वस्तू नाही."

"वस्तू नाही, तं विकत काय घेतलं?"

भैय्याजींच्या आयुष्यात हा एकच प्रश्न बरोबर निघाला, आणि तो त्यांनी तिथंच सोडून दिला. त्यांना छतावरच्या डिशवर माकडाचा संशय आला. वर चढून त्यांनी डिश फिरवली, तेव्हा शेजारच्यांच्याही मालिका गेल्या. मग डोक्यात वीज चमकली. फायदा कोणाचा? भावाचा! तिच्या माहेराहून, पांढुर्ण्याहून आलेल्या बसमध्ये चढून त्यांनी एका संशयिताची पिशवी उघडली. करंज्या निघाल्या. चार पुरावा म्हणून जप्त करून जागीच खाल्ल्या. तो माणूस प्रकाश नव्हता.

तोवर विजयमालेची सासू मनकर्णाबाई संत्र्याच्या बगीच्यातून परतली.

"काऊन तोंड पाडून बसली वं?"

सुनेनं टीव्हीवरची ओळ वाचून दाखवली : जुना खेळ बंद, नवा रंगीत खेळ लवकरच येत आहे.

"आपण व्यापाऱ्याले काय विकतो? झाड का त्या हंगामाचा बहार?"

"बहार."

"मंग! तोडणी झाली का त्याचा बगीच्यात पाय नाही. तुले कंपनीनं बहारच विकला. झाड तिचंच. आता रंग देऊन पुन्हा विकन."

"पण आत्या, मी तं समजली माहाच झाला."

"तुहं झाड माहेरच्या माळ्यावर हाय. भावाले फोन लाव, म्हणा जुनी कॅसेट घेऊन ये."

टपरीवर सांगताना मात्र मनकर्णाबाईचं सगळं बोलणं भैय्याजींनी आपलंच म्हणून खपवलं होतं. श्रोते माना डोलवत होते. भैय्याजींना अजून चेव आला.

"दुसऱ्या दिवशी कॅसेट लागली. पोरगी पाचवीतच बुडून राहिली होती. मी म्हटलं, सरक बाजूले! अन् असा नेला बेडूक... सहावी पार, सातवी पार! प्रकाशराव तं माह्या पायाच पडले."

मागच्या बाकावर बोरगावच्या गाडीची वाट पाहणारी एक बाई उठली. ती विजयमाला निघाली.

"सातवी? भैय्याजी, बेडूक मी नेला, अन् सहावी पार झाली तं खेळच संपला! सातवी नदी त्यात हायच नाही. प्रकाशचं तोंड तं तिथंच बंद झालं. आता तुम्ही सांगा, तुम्ही कोणत्या नदीत पोहून राहिले होते?"