अण्णांची पायतपासणी

आमच्या शिवाजी पेठेतले अण्णा माणसाच्या तोंडाकडं आधी बघायचेच नाहीत, पायाकडं बघायचे. दारात कुणी आलं की, "पावणं, चप्पल काढा, तळवा दावा." नवखा माणूस गांगरून जाई. एकदा मांडवात नवरदेवाचे पाय धुतले जात असताना हे वाकून बघायला गेले आणि त्याच्या टाचेची भेग सासऱ्याला दाखवून आले.

अण्णा गिरणीतून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटेच राहायचे. वेळ जात नाही म्हणून हे खूळ, असं समजून आम्ही त्यांना चुकवून मागच्या बोळानं जायचो.

माझ्या आईला मधुमेह होता. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आलेले अण्णा तिचा पाय बघितल्याशिवाय उठेनात. तिनं आधी पाय पदराखाली झाकले, मग बला टळावी म्हणून एक पुढं केला. अंगठ्याच्या मुळाशी, घट्ट्याखाली हरभऱ्याएवढी जखम होती. दुखत नव्हती, म्हणून तिला पत्ताच नव्हता. हळद भरते, बरं होईल, असं ती म्हणाली. अण्णांनी ऐकलं नाही. स्वतः जाऊन टांगा घेऊन आले.

डॉक्टरांनी मेलेली कातडी कापली, जखम धुऊन पट्टी बांधली, इन्शुलिन सुरू केलं आणि पाय अजिबात टेकायचा नाही असं बजावलं. आईनं शेवटचं तेवढं मनावर घेतलं नाही. मग अण्णा सकाळपासून आमच्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. ती उठायला लागली की म्हणायचे, "बसा वैनी." भाकऱ्याही तेच थापायचे. त्या कडेनं फाटलेल्या, मधे कच्च्या भाकऱ्या आम्ही निमूट गिळत होतो.

उन्हाळा सरेपर्यंत जखम भरून आली. आईनं स्वतः चहा करून त्यांच्यापुढं ठेवला आणि तुमच्यामुळं पाय राहिला म्हणाली.

अण्णांनी कप बाजूला सरकवला.

"आमच्या हिला असंच झालतं," ते म्हणाले. "वास सुटला तवा कळलं. दवाखान्यात नेली, पर लई उशीर झालता."

आई त्यांच्यासमोर खाली बसली.

"रोज रात्री माझं पाय चेपायची की ती," अण्णा म्हणाले. "मी तिचा तळवा कधी बघितलाच न्हाय."