संत इलियाचा दिवा आणि जर्मन बॅटरी

"जर्मन माल आहे, व्याही. यात बिघडायला काही ठेवतच नाहीत ते लोक!" असं स्तानिमिर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता. सर्बियातल्या चाचाक गावी त्याच्या अंगणात श्टुटगार्टहून आणलेली कॅम्पर व्हॅन उभी होती. आत पलंग, शेगडी, पंखा, फ्रिज, सगळं बॅटरीवर. गाडी वीस वर्षं जुनी होती, पण ते कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. लेकीचे सासरे ग्वोझ्देन यांना ऑगस्टात याच गाडीतून ग्रीसच्या समुद्रावर न्यायचं त्याने कबूल करून टाकलं. ग्वोझ्देन म्हणजे जन्मभर भूगोल शिकवलेला शांत माणूस. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि "हं" म्हणाले. ते "हं" स्तानिमिरच्या जिव्हारी लागलं. तीस वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता तो, त्याला कुणी "हं" म्हणत नसे.

स्तानिमिरच्या सासूबाई कोसारा मात्र अडून बसल्या. वय एक्याऐंशी, जीभ पंचविशीतली. घराण्याचा संत इलिया, विजा पाडणारा, त्याची तसबीर आणि तिच्यापुढे अखंड दिवा असल्याशिवाय त्या चालत्या कपाटात पाय ठेवणार नाही म्हणाल्या. स्तानिमिरने अर्ध्या तासात पलंगाच्या डोक्याशी तसबीर टांगली, पुढे लाल काचेचा दिवा बसवला आणि कटकट मिटवली.

त्या दिवसापासून बॅटरी रोज सकाळी मेलेली सापडू लागली. स्तानिमिर रोज तासभर इंजिन चालू ठेवून तिला जिवंत करी, शेजारी खोकत खिडक्या लावून घेत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुणी विचारलं तर म्हणायचा, जर्मन बॅटरीला आपली हवा मानवायला वेळ लागतो.

असं करता करता दोन ऑगस्ट उजाडला. संत इलियाचा सण. घरी तीस पाहुणे, त्यात व्याही पहिल्यांदाच जेवायला येणार. घरातला फ्रिज भरला आणि बॅटरीला आता हवा मानवली असं स्तानिमिर म्हणाला, म्हणून भाजलेलं डुक्कर, तीन थरांचा केक आणि पातेलंभर रशियन सॅलड आदल्या संध्याकाळी व्हॅनच्या फ्रिजमध्ये गेलं होतं. सकाळी दार उघडलं तर आतून कोमट वाफ आली. अंडी-मेयॉनेझचं सॅलड, ऑगस्टचं ऊन आणि तीस पोटं!

संताच्या दिवशी हत्याराला हात लावू नये, इलियाच्या दिवशी तर मुळीच नाही, असं सासूबाईंनी बजावलं. "बॅटरीला कुठे पंचांग कळतं?" म्हणत त्याने पक्कड काढली.

आमच्याकडे कारागिराने कामाला लागण्याआधी मागच्या कारागिराचा उद्धार करायचा असतो, त्याशिवाय काम सुरू झालं असं कुणी मानत नाही. स्तानिमिरने ही रीत मनापासून पाळली. प्रत्येक वायर उपटताना "हे कुठल्या खाटकाने केलंय?" असं तो आकाशाला विचारत होता. जर्मनाने प्रत्येक वायरीला नंबराची चिठ्ठी गुंडाळली होती, ती याने कचरा म्हणून सोलून टाकली. एव्हाना पाहुणे जमले होते. हातात राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, पेला घेऊन पंधरा पुरुष व्हॅनला वेढून उभे राहिले आणि प्रत्येकाला दोष सापडला, फक्त वेगवेगळ्या जागी. फादर गाव्रिलोंनी चर्चच्या लाउडस्पीकरचा अनुभव सांगितला. शेजाऱ्याच्या गाडीतून बॅटरीला करंट दिला, तेव्हा सगळे टाळ्या वाजवून पुन्हा पेल्यांकडे वळले.

ग्वोझ्देन तेवढे आत डोकावत होते. "व्याही, बटणं सगळी बंद आहेत ना? मग हे काय पेटलंय?"

पलंगाच्या डोक्याशी संत इलिया लालभडक उजळून निघाला होता. ग्वोझ्देन वायर धरून मागे मागे बॅटरीपर्यंत गेले. मध्ये बटण नाही, फ्यूज नाही, थेट बॅटरीवर. काचेमागे जुन्या गाडीच्या ब्रेकचा दणदणीत बल्ब. सांध्यावर निळी चिकटपट्टी.

"हे कुणी केलंय?" त्यांनी विचारलं.

पंधरा माना स्तानिमिरकडे वळल्या.

"जर्मनाने," स्तानिमिर म्हणाला.

"कसला जर्मन?" सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या. "जर्मन कशाला आपला इलिया लावेल? तुम्हीच लावलात जावईबापू, माझ्यासमोर. लोणच्याच्या बरणीला लावायची ही निळी पट्टी माझ्याकडनंच मागून नेलीत."

स्तानिमिरने पक्कड उचलली, पण मध्ये सासूबाईंची काठी आडवी आली. "संताच्या दिवशी संताचाच दिवा विझवणार?" फादर गाव्रिलोंनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा सॅलडकडे, आणि दिवा विझवणं काही बरं नव्हे असा निवाडा दिला. नेमकं तेव्हाच डोंगरामागे गडगडलं. पंधराच्या पंधरा जणांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि स्तानिमिरने पक्कड खिशात घातली. डुक्कर वाचलं, केक निम्मा वाचला. सॅलड खुराड्यामागे पुरलं. पाहुण्यांनी डुक्कर, पाव आणि लोणच्यावर सण साजरा केला आणि जर्मनांची तब्येतीने चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी दिवा निघाला, पण उपटलेल्या वायरी कुठून कुठे जातात हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या कचऱ्यात गेल्या होत्या. तेव्हा ग्रीसला सगळे ग्वोझ्देन यांच्या चिमुकल्या गाडीतून निघाले. पुढे सासूबाई, मांडीवर तसबीर. मागे बायको, विहीणबाई आणि दोघींच्या मधे, गुडघे हनुवटीला टेकवून, स्तानिमिर.

सीमेच्या अलीकडे सासूबाईंचं लक्ष सिगारेट पेटवायच्या भोकाकडे गेलं. इथून दिवा लागेल की, म्हणाल्या, जावईबापूंना येतं ते काम. ग्वोझ्देन यांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, स्तानिमिरच्या पायाशी असलेली हत्यारांची पेटी काढून डिकीत ठेवली आणि डिकीला कुलूप लावलं.

"व्याही," ते मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही खिडकीबाहेर बघा."

स्तानिमिरने बघितलं. बाहेर एकामागून एक जर्मन कॅम्पर व्हॅन त्यांना मागे टाकून समुद्राकडे चालल्या होत्या.