वैयक्तिक स्वरूपाची झोप

परदेशातल्या एका लहानशा मिशन हॉस्पिटलात एक वॉर्ड होता, वॉर्डाच्या छताला आधार देणारा एक बीम होता आणि त्या बीमला एक भेग पडली होती. भेग दिसल्याबरोबर तिथल्या मेट्रनबाईंनी सगळ्या खाटा बाहेर व्हरांड्यात काढल्या आणि समुद्रापलीकडच्या, आपल्या ओळखीच्या एका चर्चच्या मंडळीला कळवलं, की कृपा करून एक इंजिनिअर पाठवा. त्यानं वर बघावं, बीम धोक्याचा आहे की नाही हे एका ओळीत लिहावं आणि खाली सही करावी. अशी सही हाती आल्याशिवाय वॉर्ड उघडायला हॉस्पिटलचे विश्वस्त तयार नव्हते.

मंडळीनं या विनंतीचा प्रार्थनापूर्वक विचार केला. एकट्या इंजिनिअरला पाठवलं तर त्याला गर्व होण्याचा संभव होता. सबब नऊ जणांना पाठवायचं ठरलं. इंजिनिअर आणि आर्किटेक्ट यांची मिळून एक सेवातुकडी झाली, एकसारखे निळे टी-शर्ट आले, त्यांच्या पाठीवर ‘आम्ही सेवक’ अशी अक्षरं आली आणि एक गाणंही बसवण्यात आलं. गाण्याच्या तालमी अशा रंगल्या, की भेगेचा फोटो बघायचं तेवढं राहून गेलं.

नऊ जणांपैकी बीम या विषयातलं खरोखर कळणारे एकच होते. सगळी मंडळी त्यांना बीमकाका म्हणायची. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या छतांची गणितं करण्यात घालवला होता. नम्रतेच्या बाबतीत तर त्यांचा हात धरणारं मंडळीत कुणी नव्हतं; तसं ते स्वतःच सांगत.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा मेहुणा घरी आला. मेहुणा वकील होता आणि वकील असल्याचं जेवतानाही विसरत नसे.

“भाऊजी, तिथं जाऊन काय वाट्टेल ते करा,” तो म्हणाला. “खड्डे खणा, संडास धुवा. फक्त सही करू नका.”

“अरे, पण त्यांनी त्यासाठीच बोलावलंय.”

“इथली सही इथं निस्तरता येते. तिथली निस्तरायला तिथं जावं लागेल. तुम्ही सेवेला चाललात ना? मग सेवा करा. सेवेला सही लागत नाही.”

“चांगलं सांग रे काहीतरी,” बॅग भरता भरता काकू म्हणाल्या. पण वाक्य बीमकाकांच्या मनात रुतून बसलं. त्यात सेवाही होती आणि सुरक्षितताही होती, आणि असा योग अध्यात्मात सहसा जुळून येत नाही.

हॉस्पिटलात पोचल्यावर पहिल्या सकाळी कामाच्या वाटपाची बैठक झाली. तुकडीप्रमुख आर्किटेक्ट होते. त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली.

“आपण इथं डिग्र्या मिरवायला आलेलो नाही. प्रभू सुतार होता. तो आर्किटेक्ट असल्याचा उल्लेख कुठंही नाही.”

सगळ्यांनी आमेन म्हटलं. मग प्रत्येकानं आपल्यासाठी सर्वांत हलकं काम मागायला सुरुवात केली आणि बघता बघता नम्रतेची रस्सीखेच जुंपली.

“संडास माझे,” रस्त्यांचे इंजिनिअर म्हणाले. ऑफिसात यांना पाण्याचा ग्लासही दुसऱ्यानं आणून द्यावा लागे.

“संडास मी इकडे येण्याआधीच प्रार्थनेत मागून घेतले होते,” तुकडीप्रमुख म्हणाले.

अखेर दोघांनी एकाआड एक दिवस धुवायचे असा सलोखा झाला. पाण्याच्या पाइपांतले तज्ज्ञ विटा वाहायला गेले. विटा कुणी मागितल्या नव्हत्या, पण कुंपणाजवळ पडलेल्या होत्या. सकाळच्या गटानं त्या पलीकडे नेल्या आणि दुपारच्या गटालाही सेवेची संधी मिळावी म्हणून तिथून परत आणायचं ठरलं. विटांच्या वाटेवरच एक नळ रात्रंदिवस गळत होता. विटा घेऊन जाताना पाइपतज्ज्ञ मोठ्या कौशल्यानं ते डबकं ओलांडत. हॉस्पिटलनं बोलावलेल्या रंगाऱ्याला कुणीतरी प्रेमानं खुर्चीवर बसवलं, त्याचा ब्रश काढून घेतला आणि फोटो काढायला मोबाइल दिला. नकाशे, मोजमाप, गणित असलं उच्चवर्णीय काम मागायला कुणीच पुढं आलं नाही. बीमकाकांच्या वाट्याला वॉर्डाची भिंत सँडपेपरनं घासायचं काम आलं, आणि ते हलक्यात हलकं निघाल्यामुळे त्यांना मनातल्या मनात फार बरं वाटलं.

भिंत घासत असतानाच मेट्रनबाई आल्या. ठेंगण्या, कडक कांजीचा गणवेश, बोलणं त्याहून कडक.

“तुमच्यातला बीमचा माणूस कोण?”

“आम्ही सगळे सेवकच आहोत, बाई.”

“ते पाठीवर वाचलं मी. बीमचा कोण?”

बीमकाकांनी सँडपेपर वर केला. मेट्रनबाईंनी शिडी आणून ठेवली. काका चढले, हातोडीच्या मुठीनं दोन-चार ठिकाणी ठोकून ऐकलं, भेगेत चाकूचं पातं घालून गिलाव्याचा पोपडा उडवला. आतलं काँक्रीट धडधाकट होतं. भेग गिलाव्याची होती, बीमची नव्हती. बीम अजून एक मजला पेलेल इतका भक्कम होता. लेकराच्या कपाळाला हात लावला की आईला ताप कळतो, तसं काकांना ते कळलं. खात्रीसाठी त्यांनी बीमची लांबी-रुंदी मोजली आणि शिडीवर उभ्याउभ्याच मनातल्या मनात हिशेब केला. हिशेबही तेच म्हणाला.

“काय म्हणतोय?” खालून मेट्रनबाईंनी विचारलं.

‘काही झालेलं नाही, खाटा आत घ्या,’ हे शब्द काकांच्या ओठांवर आले. पाठोपाठ मनात मेहुणाही आला.

“बघावं लागेल,” काका म्हणाले.

“मग आत्ता काय केलंत?”

“आत्ता प्राथमिक बघितलं.”

संध्याकाळी या विषयावर तुकडीची बैठक झाली. बीमसारख्या गोष्टीत एकट्यानं मत देणं म्हणजे आपलं ज्ञान मिरवणं होय, यावर सर्वांचं एकमत झालं. मत सामूहिक असावं. आणि सामूहिक मत द्यायचं तर बीममधलं न कळणाऱ्या आठ जणांनाही ते पटायला हवं. आणि न कळणाऱ्या गोष्टीवर मत देणं बेजबाबदारपणाचं आहे. त्यामुळे मत देऊ नये, त्याऐवजी प्रेम द्यावं, असा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी त्या प्रेमाचे दोन हात बीमला देण्यात आले. आकाशी ऑइलपेंट होता.

मेट्रनबाईंनी रंग बघितला. “आता भेग दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “पण होती कुठं, ते माझ्या चांगलं लक्षात आहे.”

व्हरांड्यात थंडी वाढत चालली होती. वारा आडव्या अंगानं यायचा. कोपऱ्यातल्या खाटेवर एक आजी होती, तिच्या छातीत कफ भरलेला. तिचा खोकला आता भिंत घासणाऱ्या काकांना आतपर्यंत ऐकू येऊ लागला. प्रत्येक ढासेला त्यांचा हात थांबायचा. आपण एक वाक्य बोललो तर ही बाई आज उबेत झोपेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटत होती. लाज वाटली की ते भिंत जोरात घासत. त्या भिंतीइतकी गुळगुळीत भिंत त्या देशात दुसरी नसेल.

न राहवून त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

“लिहून नाही देत. नुसतं तोंडी सांगितलं तर?”

“तोंडी पण नाही. साक्षीदार असतात.”

“नुसती मान हलवली तर?”

पलीकडे मेहुण्यानं थोडा वेळ कायद्याचा विचार केला. “मान पण नको, भाऊजी.”

तेव्हापासून काकांनी मान हलवायचीच बंद केली. चहा हवा का म्हटलं तरी नाही. हो-नाही दोन्ही गोठल्यामुळे मान आखडली आणि मेट्रनबाईंनाच ती शेकावी लागली.

मान शेकता शेकता त्या म्हणाल्या, “साहेब, मला तुमची सही नको.”

“नको?”

“नको. बोलूही नका. मानेला आराम द्या. दुपारचं जेवण झालंय, आत एक खाट ठेवलीय, बीमच्या बरोबर खाली. जरा पडा.”

काकांना त्यात काही वावगं दिसलं नाही. वामकुक्षीबद्दल मेहुण्यानं काहीच सांगितलेलं नव्हतं. ते खाटेवर आडवे झाले. वर आकाशी बीम, खाली भक्कम बीमबद्दल पूर्ण खात्री असलेला माणूस. परदेशात पाऊल ठेवल्यापासून लागली नव्हती अशी गाढ झोप त्यांना लागली.

जाग आली तेव्हा वॉर्ड भरलेला होता. सगळ्या खाटा आत आल्या होत्या, खिडक्या लावल्या होत्या, कुणाचं तरी तान्हं दूध पीत होतं. शेजारच्या खाटेवर आजी कुशीवर वळून त्यांच्याकडे बघत होती.

“तुम्ही फार घोरता,” आजी म्हणाली. “म्हटलं, एवढं घोरतोय म्हणजे वर काही धोका नाही.”

काकांना हसू फुटलं. मान दुखत असूनही त्यांनी ती भरपूर हलवली. इतक्या दिवसांत, विटा आणि भिंती आणि गाणं सगळं धरून, आपण इथं काहीतरी उपयोगी केलं ते पहिलंच, आणि तेही झोपेत, असं त्यांना वाटलं. मेट्रनबाई दारातून बघत होत्या. विश्वस्तांना दुपारीच आणून त्यांनी झोपलेला इंजिनिअर दाखवला होता, आणि विश्वस्तांचं तेवढ्यावर समाधानही झालं होतं.

ही बातमी तुकडीला कळताच तातडीची बैठक बोलावण्यात आली.

“तुम्ही तिथं झोपलात, ते कोणत्या नात्यानं?” तुकडीप्रमुखांनी विचारलं.

“दमलो होतो.”

“दमलेला इंजिनिअर म्हणून, की दमलेला माणूस म्हणून?”

“अहो, पण बीम चांगला आहे! मी बघितलाय. शंभर माणसं झोपली तरी...”

“काका, तुमचं ज्ञान आम्हाला मान्य आहे,” रस्त्यांचे इंजिनिअर समजुतीनं म्हणाले. “पण उद्या काही झालं तर तुम्ही एकटे नाही अडकत. सगळी मंडळी अडकते. आपल्या चर्चचे पाळकसाहेब अडकतात. त्यांना तर बीम म्हणजे काय तेही माहीत नाही.”

“एवढा स्वतःच्या मताचा आग्रह बरा नाही,” पाइपतज्ज्ञ हळूच म्हणाले. “हाही एक प्रकारचा गर्वच.”

हा वार वर्मी लागला. बाकी काहीही चाललं असतं, पण गर्वाचा आरोप बीमकाकांना सोसणारा नव्हता. त्यांची मान पुन्हा आखडली. मग सर्वानुमते एक निवेदन तयार झालं. त्यात म्हटलं होतं, की ‘आमचे सहकारी यांनी सदर वॉर्डात घेतलेली झोप ही पूर्णतः वैयक्तिक स्वरूपाची असून, ती झोप अथवा तीत काढलेले आवाज यांवरून कोणताही तांत्रिक निष्कर्ष काढण्यात येऊ नये.’ खाली सहीसाठी जागा सोडलेली होती. बीमकाकांनी सही केली. संपूर्ण सेवाफेरीत त्यांनी केलेली ही एकमेव सही.

मेट्रनबाईंनी निवेदन उभ्यानं वाचलं.

“म्हणजे बीम पडणार?”

“तसं लिहिलेलं नाही,” तुकडीप्रमुख म्हणाले.

“म्हणजे नाही पडणार?”

“तसंही लिहिलेलं नाही.”

त्यांनी बीमकाकांकडे बघितलं. बीमकाका टी-शर्टाची शिवण तपासत होते. मग मेट्रनबाईंनी कागदाची घडी घातली. विश्वस्तांपुढं हा कागद आता लपवता येणार नव्हता. “खाटा बाहेर,” त्या म्हणाल्या.

आता मात्र तुकडी धावून आली. इतकं खरंखुरं, इतकं अंगमेहनतीचं काम या दौऱ्यात प्रथमच समोर आलं होतं. खाटेची जड बाजू कुणी धरायची यावरून पुन्हा रस्सीखेच झाली. तान्ह्याच्या आईची खाट तिघांनी मिळून उचलली. रस्त्यांचे इंजिनिअर डोळ्यांत पाणी आणून सलाइनच्या बाटल्या धरून चालले. आजीला खाटेसकट नेता येत असतानाही बीमकाकांनी तिला दोन्ही हातांवर उचललं. कोपऱ्यातून रंगाऱ्यानं फोटो काढला.

“कुठं नेताय, साहेब?” आजीनं विचारलं.

“जरा बाहेर, आजी.”

“पण तुम्हाला तर छान झोप लागली होती की हो इथं.”

तिचं अंग किती हलकं आहे, एवढंच काकांना जाणवलं. त्यांनी तिला वाऱ्यात ठेवलं आणि तिच्या अंगावर आपला दुसरा निळा टी-शर्ट घातला.

घरी परतल्यावर काकूंनी पहिल्याच जेवणाला विचारलं, “त्या बीमचं काय निघालं शेवटी?”

“चांगला आहे. काही झालेलं नाही त्याला.”

“मग सांगितलंत ना त्यांना?”

“तुझ्याच भावाला विचार,” काका म्हणाले आणि त्यांनी आमटीत भात कालवला.

रविवारी उपासनेनंतर सगळ्यांपुढं त्यांची साक्ष, म्हणजे अनुभवकथन, झालं. ‘मी द्यायला गेलो होतो, पण घेऊन आलो’ असं ते म्हणाले आणि त्यांनी खरंच रुमाल काढला. मागं पडद्यावर फोटो होता: निळा टी-शर्ट, दोन हातांवर अलगद धरलेली म्हातारी, काकांच्या डोळ्यांत पाणी. सगळी मंडळी उभी राहिली. पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की त्याच हॉस्पिटलातून पुन्हा एक इंजिनिअर पाठवण्याची विनंती आली आहे, आणि हा आनंद बघता या खेपेला वीस जणांची तुकडी न्यायचा मानस आहे.

तो फोटो तुमच्याही मोबाइलवर आला होता. फार सुंदर फोटो आहे. त्यात म्हातारीला आत नेताहेत की बाहेर काढताहेत, हे काही कळत नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. दोन जोडलेले हात पाठवलेत, चार ठिकाणी पुढं ढकललात, आणि पुढच्या तुकडीत विटा वाहायच्या कामाला आपलं नाव घालायला सांगितलंत.