फटफटीला कासरा

भिलाची पहिली फटफटी निवडायला शहाद्याला निघताना त्याच्या आईने, धनुबाईने, बैलगाडीत नवाकोरा कासरा टाकला.

"माय, फटफटीले कासरा कसाले?" भिलाने कपाळावर हात मारला.

"नवं जनावर घर आनतस तवय कासरा आपला जोयजे. झिपरू, जुंप गाडी!"

झिपरू सालदाराने गाडी जुंपली. घरातला एकूण एक बैल धनुबाईने पारखलेला. तिने मान हलवल्याशिवाय नवऱ्याने कधी सौदा केला नाही. मग नुसत्या चकाकीवर भाळणाऱ्या लेकाला ती एकटं कशी सोडणार? त्यात प्रसंग नाजूक. भिला कामाला होता त्या कापसाच्या जिनिंग गिरणीच्या मालकाने त्याला बजावलं होतं, कापूस बघत गावोगाव फिरायचं तर वाहन घे, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो. आणि रनाळ्याचे सुकलालअप्पा, भिलाचे होऊ घातलेले सासरे, फटफटीचं नाव ऐकूनच बिथरले होते. वाऱ्यावर उडणाऱ्या पोराला आपली सिंधू द्यायची नाही, म्हणाले. शेवटचं उत्तर द्यायला ते आजच संध्याकाळी ब्राह्मणपुरीला भिलाच्या घरी येणार होते. फटफटी नाही घेतली तर नोकरी जाते, घेतली तर सून जाते!

कय्युम मिस्त्रीच्या अंगणात लढाईवरून परतलेल्या दोन फटफट्या उभ्या होत्या. एक म्हशीएवढी, दुसरी पारडीएवढी. भिला तडक म्हशीला जाऊन भिडला.

"काय आवाज शे हिना, माय!"

"आवाज तुन्हा काकाना बी मोठा शे. काम काय करस तो?" धनुबाईने पदर खोचला. "कय्युम, इले आडवी पाड."

"माय, हाई बैल नही शे!"

"म्हनीसनच पाड. बैल आपला आपण उठस. हाई वाटमा पडनी ते कोन उठाडी? तू येशी?"

कय्युमने गुमान फटफटी आडवी केली. भिलाने जोर लावला. फटफटी वीतभर उठली, घटकाभर विचारात पडली आणि परत बसली, ती नेमकी त्याच्या धोतरावर. चौघांनी मिळून उचलली तेव्हा भिला सुटला. सोग्याचा तुकडा मात्र तिने ठेवून घेतला. टाकीतून ठिबकलेल्या पेट्रोलचा वास अंगणभर पसरला.

धाकटी त्याने एका हिसक्यात उभी केली.

"एकदाव कोनी बी उठाडस. आखो पाड!"

तिसऱ्यांदाही ती उठली तेव्हा धनुबाईने तिच्या टाकीवर थाप मारली. "हाईच! पाय भुईले टेकतस, जोर पुरस. आखो काय जोयजे?"

"नवा मानुसले हाईच बरी, भिलाभाऊ," कय्युमही म्हणाला. फाटका सोगा सावरत भिलाने मान डोलावली.

किक मारून तो धुरळा उडवत पुढे निघाला. मागून गाडी रमतगमत अर्ध्या वाटेवर पोचली, तर चिरंजीव बाभळीखाली फटफटी धरून उभे! टाकीत थेंब नव्हता. थोरलीच्या वासात धाकटीचंही तीन वेळा सांडत होतं, ते कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. कुपनावर पेट्रोल मिळायचे ते दिवस. आडरानात कुठून आणणार?

"तूच तीनदाव पाडाले लावी!" भिला रडकुंडीला आला. "आते अप्पा हासतीन."

धनुबाई गाडीतून उतरली. तिने गाडीतला कासरा काढला.

सुकलालअप्पा ओट्यावर येऊन बसले होते. पाणी दिलं ते तसंच ठेवलेलं. चेहऱ्यावर नकार तयार. कान फटफटीच्या गर्जनेकडे. पण गर्जना आलीच नाही. आधी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, मग गाडी, आणि गाडीमागे कासऱ्याला बांधलेली फटफटी. तिच्यावर भिला, मान खाली घालून, गोगलगायीच्या चालीने.

अप्पा उठून उभे राहिले. ओट्याच्या कडेला येऊन वाकून बघितलं. "धनुबाई, हाई अशीच चालस?"

"तुमना डोयासमोर शे, अप्पा. मी काय सांगू?"

अप्पांनी मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या मिशा हलल्या. "मी ते काय काय आयकेल व्हतं! हिनापेक्षा मन्हा बैल जास्त उधळतस. गूळ आना, गूळ!"

धनुबाईच्या काळजावरचा धोंडा उतरला. गूळ आणायला आत जाता जाता ती फटफटीपाशी थांबली. भिला घाईघाईने गाठ सोडत होता. तिने त्याच्या हातावर चापट मारली आणि दबक्या आवाजात म्हणाली,

"लगीन लागापावत कासरा सोडू नको!"