कस्तुरा घोडीनें सेनापती चालविला ते हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे चरणीं मस्तक आणि घोडीचे खुरीं हात ठेवून वर्तमान लिहिलें ऐसीजे. शके सोळाशें ऐशीं, बहुधान्य नाम संवत्सरीं, राज्याचे सेनापती सटवोजीराव यांची कंबर धरली. राज्याचा रिवाज ऐसा कीं, दसऱ्यास जो घोड्यावरून सीमोल्लंघन करील त्याचें पद कायम, आणि जो पालखींत बसेल त्यानें श्रीफळ घेऊन घरीं बसावें. म्हणोन रावांनीं रवाल चालीची कस्तुरा घोडी आणविली. ती चाल ऐसी कीं, घोडी वाऱ्यासारखी जावी आणि स्वाराचे हातींचें ताक हिंदकळूं नये. परंतु येथें येतांच तिनें हाडें खिळखिळी करणारी दुडकी धरली आणि रावांस ब्रह्मांड आठवलें. कारण दरबारची अदब. सेनापतीस कोणी पाठ दाखवूं नये, आणि सेनापतीची घोडी म्हणजे सेनापतीच. म्हणोन घोडी राखणारे मोतद्दार तिजकडे तोंड करून, दोर ओढीत, उलटे चालत. घोडीस वाटे, हा वाट अडवितो. मग ती थांबे, आणि हे ओढीत, आणि ती पाठ ताठ करी, आणि ताठ पाठीनें रवाल चाल साधेना. एक मोतद्दार हौदांत पडला, तोही मुजरा करीतच. इकडे कारभारी पालखीस नवे गोंडे लावूं लागले आणि रावांस प्रकृती वारंवार पुसूं लागले.

मग राव स्वतां तबेल्यांत गेले आणि दोर घेतला, आणि कंबरेमुळें उलटें चालवेना म्हणोन सरळ पुढें निघाले. तों मानेवर ऊन श्वास लागला. घोडी मागें आली होती. राव थांबले, ती थांबली. राव वळले, ती वळली. रावांचे डोळे भरले. इतकीं वर्षें फौज चालविली, परंतु न ओढतां मागें कोणी आलें नव्हतें. मग रोज ऐसेंच फिरवून एके दिवशीं स्वार जाहले, तों पुन्हा दुडकी. रावांचे कुटुंब दर्याबाईसाहेब ओट्यावरून पाहत होत्या. त्या बोलिल्या, "स्वारी घोडीवर बसली आहे कीं तटास शिडी लावली आहे? लगाम इतका आवळूं नये. जेवण जाहल्यावर मागें टेकून बसणें होतें, तैसें बसावें."

राव म्हणाले, "म्हणजे सुस्त?"

"त्यांत आपणांस नवें कांहीं शिकणें नाहीं."

राव मागें रेलले, मूठ सैल केली, आणि घोडीनें पाठ सैल केली, आणि चारी खुरांचा निरनिराळा ताल धरून ऐसी निघाली कीं कंबर आहे हेंच राव विसरले. दसऱ्यास तैसेच सीमा ओलांडून गेले. जयजयकार जाहला, सर्वांत मोठा पालखीपाशीं उभ्या कारभाऱ्यांकडून. राव उतरले आणि घोडीचे कपाळास कपाळ लावून म्हणाले, "बाई, तूं होतीस म्हणोन."

तात्पर्य, सेनापतीस वस्त्रें मिळालीं आणि घोडीस गूळ. वांटणी बरोबर नव्हे. परंतु घोडीनें तक्रार केली नाहीं, आणि राव तें उभ्या जन्मांत विसरले नाहींत. येणेंप्रमाणें घडलें तें लिहिलें.